हेडसेट चढवण्याआधी रांग आखा : सुट्टीतल्या सहा आठवड्यांत इमर्सिव्ह कलाकृती कशी उभी करायची

इमर्सिव्ह आर्ट, म्हणजे बघणाऱ्याला चारी बाजूंनी वेढून आत घेणारी कला, नेमकी कशी असते असं कुणी विचारलं की मी गणपतीतला हलता देखावा आठवायला सांगतो. कनातीच्या बोळातून रांग पुढे सरकते. आत शिरताना बाहेरचा ढोल एकदम दबतो, डोळ्यांसमोर अंधार होतो, पायाखाली सतरंजी आहे की माती ते कळत नाही. मग लाइट पडतो, निवेदन सुरू होतं, मागच्या बाईचं पोर तुमच्या खांद्यावरून डोकावतं. सात-आठ मिनिटांत खेळ आटोपतो आणि कार्यकर्ता "चला, पुढे चला, प्रसाद घ्या" करत दुसऱ्या दाराने बाहेर काढतो.

ठाण्यात आमच्या मंडळासाठी मी बरीच वर्षं वायरी ओढल्या. आता नवी मुंबईतल्या एका कॉलेजच्या उन्हाळी वर्गात व्हीआर (डोळ्यांवर हेडसेट चढवून बघायचं आभासी जग), चारी बाजूंचं दाखवणारे ३६० अंशांचे व्हिडिओ, प्रोजेक्शन आणि सेन्सर असलं सगळं शिकवतो. दरवर्षी मुलं यंत्रापासून सुरुवात करतात आणि पाचव्या आठवड्यात विचारतात, "सर, लोक आत कुठून येणार?" मंडळाचा कार्यकर्ता हा प्रश्न पहिल्याच मीटिंगला विचारतो. सहा आठवडे कसे वापरायचे ते खाली सांगतोय. वर्गात नाव घातलं असेल तर उत्तमच, पण चार मित्र मिळून घरच्या घरी करणार असाल तरी क्रम हाच.

तारखा उलट्या मोजा

मुंबईत मोसमी पाऊस दाखल होण्याची हवामान खात्याची सर्वसाधारण तारीख ११ जून आहे. प्रदर्शन सोसायटीच्या हॉलमध्ये असो, कॉलेजच्या लॉबीत असो की गच्चीवरच्या मांडवात, ते जूनच्या पहिल्या शनिवार-रविवारी उरकलेलं बरं. पाऊस नसला तरी तोवर हवेत इतका दमटपणा असतो की लेन्सवर वाफ धरते. तिथून सहा आठवडे मागे गेलात की एप्रिलचा शेवट येतो. कुणाच्या परीक्षा तेव्हा चालू असतील, हरकत नाही. पहिल्या दोन आठवड्यांना पेन्सिल, खडू आणि फोन एवढंच लागतं.

गट तीन किंवा चार जणांचा ठेवा. पाचवा माणूस फक्त व्हॉट्सअॅप ग्रुपवर असतो.

वर्ग निवडताना

देशातल्या आणि परदेशातल्या विद्यापीठांचे उन्हाळी वर्ग आता पुष्कळ निघाले आहेत. माहितीपत्रकावर हेडसेट घातलेल्या मुलीचा फोटो सगळ्यांच्याच असतो, त्यावर जाऊ नका. फोन करून विचारा. किती मुलांमागे एक हेडसेट? लॅब संध्याकाळी किती वाजता बंद होते? शेवटी बाहेरच्या लोकांसाठी प्रदर्शन आहे की फक्त परीक्षकांसमोर सादरीकरण? केलेल्या कामाचा हक्क तुमचा की संस्थेचा? यंत्र पडून फुटलं तर पैसे कोण भरणार? शेवटचा प्रश्न मी अनुभवावरून सांगतोय. एका ठिकाणी, नाव घेत नाही, आमच्या एका मुलाची अनामत रक्कम आधीपासूनच तडा गेलेल्या, हेडसेटबरोबर हातात धरायच्या कंट्रोलरसाठी कापून घेतली. तेव्हापासून वस्तू ताब्यात घेताना मी चारी बाजूंनी फोटो काढायला लावतो.

अर्जासोबत कामाचे नमुने मागतात. तिथे स्क्रीनचं रेकॉर्डिंग पाठवणारे ढिगाने असतात. त्यापेक्षा तुमचं काम बघणाऱ्या माणसाचा दीड-दोन मिनिटांचा व्हिडिओ पाठवा. त्याची मान कुठे वळली, हात कुठे गेला, हसू कधी आलं. निवडणाऱ्याला त्यातून जास्त कळतं. अजून काहीच केलेलं नसेल तर एक मिनिटाचं ध्वनिचित्र, म्हणजे नुसत्या आवाजांतून उभी केलेली जागा, पुरे.

पहिला आठवडा : खडू आणि खुर्ची

या आठवड्यात लॅपटॉप उघडायचा नाही. जमिनीवर खडूने जागा आखायची. दार इथे, भिंत इथे, बघणारा इथे. मग एकाने बघणारा व्हायचं आणि बाकीच्यांनी कार्यकर्ते. वहीत चार प्रश्नांची उत्तरं लिहायची : तो बसलाय की उभा? त्याचे हात मोकळे आहेत का? पहिल्या दहा सेकंदांत त्याला काय कळतं? शेवटी तो कुणाकडे बघतो?

बसलाय की उभा, हा प्रश्न पोरकट वाटतो. आमच्या एका प्रदर्शनात तलावपाळीवर शूट केलेला ३६० व्हिडिओ होता. कॅमेरा स्टँडवर साडेपाच फुटांवर लावलेला, म्हणजे उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर. प्रदर्शनात मात्र जागा कमी म्हणून प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या. एका मुलाची आजी बसली, हेडसेट चढवला, खाली बघितलं आणि दोन्ही पाय झटकन खुर्चीवर घेतले. खुर्चीच्या सवयीने तिला जमीन हाताच्या अंतरावर हवी होती, आणि ती दिसत होती दीड फूट आणखी खाली. पाच मिनिटं बिचारी मांडी घालून, खुर्चीचे हात घट्ट धरून बसली. तलाव तिने बघितलाच नाही. बसून बघायचं असेल तर कॅमेरा सुमारे १.२ मीटरवर, उभ्याने बघायचं असेल तर दीड मीटरच्या थोडा वर. हा निर्णय शूटिंगच्या आधी होतो, नंतर संगणकात दुरुस्त होत नाही.

शरीरावरून आठवलं. १९९५ मध्ये कॅनडाच्या शार डेव्हिस यांनी केलेल्या व्हीआर कलाकृतीत बघणाऱ्याच्या छातीभोवती श्वास मोजणारं जाकीट असायचं. श्वास आत घेतला की तो वर तरंगायचा, सोडला की खाली यायचा, कलला की त्या बाजूला जायचा. त्या काळच्या संगणकाची ताकद आजच्या साध्या फोनएवढीही नव्हती. तरी त्या कामाचा दाखला आजही दिला जातो, कारण आत शिरलेल्या माणसाच्या शरीराला त्यांनी काम दिलं होतं. तुमच्या कामात बघणाऱ्याचं शरीर काय करतं, ते एका ओळीत लिहा. ओळ जमत नसेल तर विषय बदला. अजून पाच आठवडे हातात आहेत.

दुसरा आठवडा : आधी कान

चित्राच्या आधी आवाज गोळा करायचा. मुलं इथे कुरकुर करतात आणि मी इथेच हटून बसतो.

त्याची दोन कारणं आहेत. एक व्यवहाराचं : आवाज स्वस्त आहे. दुसरं असं की डोळे पुढचंच बघतात, पण मागे कुणी उभं आहे हे कानाला कळतं. चारी बाजूंनी वेढल्याची भावना निम्म्याहून जास्त कानातून येते, असा माझा अनुभव आहे.

भटकायला जागा भरपूर आहेत. ठाणे स्टेशनबाहेरच्या सॅटिस पुलावर संध्याकाळी सात वाजता उभे राहा : वर बस, खाली रिक्षा, आणि आतून येणाऱ्या घोषणा. मासुंदा तलावाच्या, म्हणजे तलावपाळीच्या, काठी कौपिनेश्वराच्या देवळाची घंटा आणि वल्ह्यांचा आवाज पहाटेच मिळतो, आठनंतर हॉर्न सगळं खातात. ठाणे खाडीतले रोहित पक्षी सगळ्यांनाच हवे असतात. खाडीच्या या भागाला २०१५ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०२२ मध्ये तो पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेला. पक्षी साधारण मेपर्यंत दिसतात. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून बोटीने जाता येतं, पण भरती-ओहोटी बघून. मात्र लक्षात ठेवा, कॅमेऱ्याला झूम असतो, माइकला नसतो. लांबून रेकॉर्ड केलेल्या रोहितांच्या आवाजात ऐंशी टक्के ऐरोलीच्या पुलावरची वाहतूक असते. आणि जवळ जायचं म्हणून पक्षी उठवायचे नाहीत.

यंत्र कुठलं? फोन चालतो. साधा हातातला रेकॉर्डर मिळाला तर त्याची सेटिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर ठेवा. सगळ्यात मोठा आवाज उणे बारा डेसिबलच्या आसपास पोचेल इतपतच पातळी वाढवा, शून्याला तो फाटतो. फाटलेला आवाज शिवता येत नाही. प्रत्येक जागी किमान पाच मिनिटं, न हलता, न बोलता. खाडीवर वारा असतो, त्यामुळे माइकला केसाळ कव्हर हवंच. नसलं तर जुन्या लोकरी मफलरचा तुकडा सुतळीने बांधा, काम भागतं. सुरुवातीला जागा आणि वेळ बोलून ठेवा, नाहीतर घरी आल्यावर सगळ्या फायली सारख्याच वाटतात.

चारी दिशांचा आवाज एकत्र धरणाऱ्या पद्धतीला अँबिसॉनिक म्हणतात. त्याच्या पहिल्या पायरीला चार चॅनल लागतात. झूम कंपनीच्या एच३-व्हीआरसारख्या छोट्या रेकॉर्डरला चार माइक असतात. बघणाऱ्याने मान वळवली की आवाज जागच्या जागी राहतो, मानेबरोबर फिरत नाही, हीच त्याची मौज. दुसरी पद्धत बायनॉरल, म्हणजे दोन कानांपाशी दोन माइक. ती स्वस्त आणि अंगावर काटा आणणारी आहे, फक्त हेडफोनवरच ऐकायची असते.

या दुसऱ्या पद्धतीने आमच्या वर्गातलं आजवरचं सगळ्यात चांगलं काम झालं. कोपरखैरण्याची एक मुलगी, वडील वाशीच्या कृषी उत्पन्न बाजारात कांदा-बटाट्याच्या गाळ्यांवर माथाडी. गटाला आधी बाजाराचा ३६० व्हिडिओ करायचा होता. केला. बघणारे वरचे पत्रे बघत बसले. मग तिने वडिलांच्या टोपीच्या दोन्ही बाजूंना, कानांच्या वर, दोन कॉलर माइक आतून शिवले. वायर सदऱ्याच्या आत, रेकॉर्डर खिशात. मुकादमाला आणि टोळीतल्या सगळ्यांना आधी सांगितलं, गाळेवाल्यांनाही विचारलं.

पहाटे चारचं ते रेकॉर्डिंग मी लॅबमध्ये उभ्याने ऐकायला लागलो आणि मध्येच खाली बसलो. हातगाडीची चाकं डावीकडून उजवीकडे जातात. कुणीतरी "हां, घे" म्हणतं. मग पन्नास किलोची गोण पाठीवर येते आणि सगळं जग बुजतं. गोणपाट दोन्ही कानांना चिकटतं, बाजार पाण्याखाली गेल्यासारखा होतो, उरतो फक्त आतला श्वास आणि पावलं. बावीस पावलं. गोण उतरते आणि आवाज परत फटकन उघडतो. मग पुन्हा. मग पुन्हा.

गटाने व्हिडिओ टाकून दिला. बघणारा स्टुलावर बसतो, कानाला बंद हेडफोन, डोळे मिटलेले. गोणीचा आवाज आला की मागे उभा असलेला मुलगा घडी केलेलं रिकामं गोणपाट त्याच्या खांद्यांवर ठेवतो, आवाज परत उघडला की काढतो. अर्थात बसायच्या आधी त्याची परवानगी विचारून. गोणपाटाला कांद्याचा वास होताच. यंत्रांचा खर्च म्हणाल तर दोन माइक आणि उसना रेकॉर्डर.

सगळ्यांनी हेडसेट टाकून द्यावेत, असं माझं म्हणणं नाही. पण दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी नुसता आवाज अंधारात तिघा अनोळखी लोकांना ऐकवा. त्यांना काही झालं नाही, तर चित्र चढवूनही होणार नाही.

तिसरा आठवडा : चित्र

३६० कॅमेऱ्याला दोन भिंगं असतात आणि दोन्ही चित्रं जिथे शिवली जातात तिथे शिवण दिसते. महत्त्वाचा माणूस शिवणीवर उभा करू नका, आणि कॅमेऱ्यापासून मीटरभर तरी लांब ठेवा. कॅमेरा हलवू नका. बघणारा बसलेला आणि चित्र पुढे धावतंय, असं झालं की डोळे सांगतात चाललोय, कानातला तोल सांगतो बसलोय, आणि पोट निकाल देतं. घाटातल्या एसटीत पुस्तक वाचून बघा म्हणजे कळेल. रिक्षातून केलेलं शूटिंग तर अजिबात नको, दरवर्षी एक गट करतोच.

कॅमेऱ्याच्या जाहिरातीतला '५.७ के' हा आकडा ऐकून हुरळू नका. ५,७६० ठिपके (पिक्सेल) पूर्ण गोलाभोवती पसरलेले असतात. हेडसेटमधून एका वेळी साधारण पाव गोल दिसतो, म्हणजे वाट्याला येतात सुमारे १,४४० ठिपके. म्हणून लांबची पाटी वाचता येत नाही, लांबचा चेहरा ओळखू येत नाही. या कॅमेऱ्यासाठी प्रसंग दोन-तीन मीटरच्या आत घडवा. फायली मिनिटाला पाऊण-एक जीबी खातात. रोज रात्री दोन वेगळ्या डिस्कवर उतरवायच्या, एक डिस्क एकाच्या घरी, दुसरी दुसऱ्याच्या.

वस्तूच आत न्यायची असेल तर फोटोग्रामेट्री. एकाच वस्तूचे सगळ्या बाजूंनी शंभर-दीडशे फोटो, प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा दोन-तृतीयांश भाग आला पाहिजे. मेश्रूमसारखं फुकट सॉफ्टवेअर त्यातून त्रिमितीय आकार बांधतं. चेंदणी कोळीवाड्यात किंवा बेलापूरजवळच्या दिवाळे गावात काठाला ओढलेली जुनी लाकडी होडी यासाठी झकास : खरखरीत, रंग उडालेली, डागाडागांची. चकचकीत स्टीलचा डबा, काच, पाणी यांचा आकार बांधला जात नाही. सकाळी साडेसहा ते आठच्या मऊ उजेडात काढा, दुपारच्या कडक सावल्या आकारावर कायमच्या चिकटतात. होडीच्या मालकाला विचारायचं, तो म्हणेल "काढा की," आणि मग होडीची अख्खी गोष्ट सांगेल. तीही रेकॉर्ड करा, अर्थात विचारून.

रेल्वेच्या हद्दीत स्टँड लावून शूट करायला परवानगी लागते. ड्रोनचा विचार असेल तर नवी मुंबईत आता विमानतळ सुरू झालाय, हे ध्यानात घेऊन आधी हवाई क्षेत्राचा अधिकृत नकाशा बघा. माझं मत विचाराल तर ड्रोन नकोच. वरून बघणारा कधीच आत नसतो.

चौथा आठवडा : जोडणी

सॉफ्टवेअरवर वाद घालण्यात आठवडा जातो, म्हणून पटकन सांगतो. नुसता व्हिडिओ असेल तर दाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती. त्रिमितीय जग बांधायचं तर ब्लेंडर आणि युनिटी. हेडसेट नाहीच, लोकांच्या फोनवर दाखवायचं, तर ए-फ्रेम : ब्राउझरमध्ये चालतं आणि क्यूआर कोडने उघडतं. सेन्सरवर हलणारं प्रोजेक्शन हवं तर टचडिझायनर, त्याच्या फुकट आवृत्तीत चित्र १,२८० बाय १,२८० ठिपक्यांपुढे जात नाही, पण एका भिंतीला तेवढं चालून जातं. आवाज मांडायला रीपर आणि ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या आयईएम संस्थेचे फुकट प्लगइन, म्हणजे त्याला जोडायची छोटी सॉफ्टवेअर. गटात ज्याला जे येतं तेच घ्या. चौथ्या आठवड्यात नवीन सॉफ्टवेअर शिकायचं नसतं.

सेन्सरवर मात्र थोडं थांबू. दादरला लाइन बदलून ग्रँट रोडला उतरलात की लॅमिंग्टन रोडवर इलेक्ट्रॉनिक्सचं सगळं मिळतं. मुलं पीआयआर सेन्सर उचलतात, जिन्यातल्या आपोआप लागणाऱ्या दिव्यात असतो तोच. तो माणसाच्या अंगाची ऊब आणि मागच्या भिंतीची ऊब यांतला फरक ओळखतो. मे महिन्यात, पंखा बंद, दारं बंद, खोली चौतीस-पस्तीस अंशांवर. फरकच उरत नाही आणि सेन्सर ढिम्म. आमचा एक गट दोन दिवस कोड तपासत बसला होता, एसी लावल्यावर चालू झालं.

अंतर मोजणारा अल्ट्रासोनिक सेन्सर, एचसी-एसआर०४, दोन सेंटिमीटरपासून चार मीटरपर्यंत मोजतो. तो आवाज सोडतो आणि प्रतिध्वनी ऐकतो. मऊ कापड आवाज पिऊन टाकतं, म्हणून जाड शाल किंवा सैल ओढणी घेतलेली बाई त्याला कधी दिसते, कधी दिसत नाही. कमरेच्या उंचीवर न लावता गुडघ्यापाशी लावून बघा, किंवा दोन लावा. ईएसपी३२ बोर्डाला (सेन्सर वाचणाऱ्या छोट्या संगणकाला) जोडताना त्याची परतीची वायर पाच व्होल्टची असते आणि बोर्डाला ३.३ व्होल्टच सोसतात. मध्ये दोन रेझिस्टर घालून व्होल्टेज उतरवा. आणि सेन्सर बंद पडला तरी काम चालू राहील, अशी एक कळ गुपचूप कार्यकर्त्याच्या हाती ठेवा. आमच्या देखाव्यातला राक्षस एकदा मोटर जळल्यावर दोन दिवस मागून दोरीने हलवला होता, कुणाला कळलं नाही.

पाचवा आठवडा : अंधार आणि वीज

प्रोजेक्टर काळा रंग फेकू शकत नाही. पडद्यावरचा काळा म्हणजे जिथे प्रोजेक्टरने काही फेकलं नाही अशी भिंत, आणि ती खोलीत जितका उजेड आहे तितकीच काळी दिसते. म्हणून जास्त ल्युमेनचा, म्हणजे जास्त उजेडाचा प्रोजेक्टर भाड्याने आणण्याआधी खोली काळी करा. मंडपवाल्याकडे काळं कापड भाड्याने मिळतं. खिडकीला आधी काळी ताडपत्री, वर कापड. दाराला एकमेकांवर चढणारे दोन पडदे, मध्ये हातभर बोळ. याच बोळात माणसाचे डोळे सरावतात, ती कनात पुन्हा आठवा.

पुढचं गणित कागदावर करा. प्रोजेक्टरच्या माहितीत थ्रो रेशो दिलेला असतो, म्हणजे अंतर भागिले चित्राची रुंदी. रेशो १.५ असेल आणि प्रोजेक्टर भिंतीपासून ३.३ मीटरवर ठेवता येत असेल, तर चित्र २.२ मीटर रुंद. बारा फुटी हॉलमध्ये याचा अर्थ प्रोजेक्टर मागच्या भिंतीला टेकला आणि प्रत्येक बघणाऱ्याची सावली पडद्यावर पडली. ०.५ रेशोचा शॉर्ट थ्रो मिळाला तर तेवढंच चित्र १.१ मीटरवरून पडतं आणि माणूस प्रोजेक्टरच्या मागे उभा राहू शकतो. १९९२ मध्ये शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठात भिंतींवर प्रोजेक्शन करून अख्खी खोलीच आभासी केली, तेव्हा त्यांनी भिंतींचे पडदे मागच्या बाजूने उजळले होते, सावलीची कटकट नको म्हणूनच. आपल्याकडे पांढऱ्या पातळ कापडावर मागून फेकता येतं, फक्त मागे जागा लागते आणि प्रोजेक्टरचं भिंग थेट बघणाऱ्याच्या डोळ्यांत येणार नाही, इतका तो वर लावावा लागतो.

विजेचं मी हात जोडून सांगतो. घरातल्या साध्या सहा अँपिअरच्या सॉकेटवर २३० व्होल्टला जेमतेम १,३८० वॅट. दोन प्रोजेक्टर, दोन लॅपटॉप, अँप्लिफायर इतकं ओढताना ते कण्हायला लागतं, त्यात कुणी धुराचं मशीन लावलं की एमसीबी पडते आणि सगळे लॅपटॉप सोडून बाकी जग अंधारात. प्रत्येक उपकरणामागचा वॅटचा आकडा वहीत उतरवा, बेरीज करा, दोन वेगळ्या लाइनवर वाटा. सोसायटीच्या इलेक्ट्रिशियनला चहा पाजून दाखवा. जमिनीवरची प्रत्येक वायर चिकटपट्टीने पूर्ण झाका, अंधारात पहिलं पाऊल वायरवरच पडतं. धुरासाठी हॉलवाल्यांना विचारा, धुराचा अलार्म असेल तर वाजतो.

लखलखणारे प्रकाश सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा नकोत. अपस्माराचा त्रास असलेल्या माणसाला त्याने झटका येऊ शकतो. दारावर तशी पाटीही लावा.

सहावा आठवडा : रांग

आता गणित. दोन हेडसेट. काम पाच मिनिटांचं, चढवणं-उतरवणं-पुसणं दोन मिनिटं. म्हणजे सात मिनिटांत दोन माणसं, तासाला सतरा, संध्याकाळच्या तीन तासांत पन्नास. शनिवारी दीडशे लोक आले तर शंभर जण चिडून घरी जातील. उपाय दोन : काम तीन मिनिटांवर आणा, किंवा रांगेलाच कामाचा भाग करा. एका गटाने बोळात सहा हेडफोन टांगले, प्रत्येकात त्याच जागेचा वेगळ्या वेळेचा आवाज. रांगेतल्या लोकांना आत जायची घाईच उरली नाही.

दारावरच्या मुलाला तीन वाक्यं पाठ करून द्या. "चप्पल इथे काढा. चक्कर आल्यासारखं वाटलं तर हात वर करा, मी लगेच काढतो. संपलं की दहा सेकंद डोळे उघडून बसा, मग उठा." यापुढे एक शब्द नाही. कलाकृतीचा अर्थ दारात सांगणारा गट मी स्वतः दारातून हाकललाय.

हेडसेटचं वजन पाचशे ग्रॅमच्या आसपास असतं. आंबाडा आणि गजरा असेल तर पट्टा खालून घ्यावा लागतो. चष्मा आधी आत बसवून मग हेडसेट चढवा, आणि बाहुल्यांमधलं अंतर जुळवणारं चाक प्रत्येकासाठी फिरवा, नाहीतर सगळं धूसर दिसतं आणि लोक लाजून सांगत नाहीत. मे-जूनच्या घामात, त्यात खोबरेल तेल, चेहऱ्यावर टेकणारा स्पंज तासाभरात ओला होतो. प्लॅस्टिकचं पुसता येणारं कव्हर घाला, माणसागणिक पुसा. भिंग मात्र कोरड्या मऊ कापडानेच, सॅनिटायझर त्यावर कधीच नाही. आणि काढलेला हेडसेट खिडकीत भिंगं वर करून ठेवू नका. त्या भिंगांतून ऊन एका बिंदूवर जमतं आणि आतल्या स्क्रीनला कायमचा डाग पडतो. एक हेडसेट आम्ही असाच घालवला, चहा प्यायला गेलो होतो तेवढ्यात.

पहिल्या दिवशी सकाळी एक पूर्ण रंगीत तालीम, घरच्यांसमोर. आईवडील प्रेमापोटी छान म्हणतात, म्हणून त्यांना प्रश्न विचारू नका, नुसते त्यांचे पाय आणि मान बघा. कुठे थबकले, कुठे हात पुढे गेला, कुठे कंटाळून घड्याळाकडे बघायचा हात उचलला. तेवढं दुपारपर्यंत दुरुस्त होतं.

प्रदर्शनाच्या दोन दिवसांत एकाने फक्त नोंद ठेवायची : बघणाऱ्यांचे फोटो-व्हिडिओ त्यांना विचारून, जागेचा खडूने आखलेला नकाशा, वायरींचा आराखडा, शेवटच्या फायली. पुढच्या अर्जाला हेच लागतं.

रविवारी रात्री मंडपवाल्याचं कापड झटकून घडी घाला, चिकटपट्टीचे तुकडे काढा, पिनांची मोजणी करा. कापडाला पीन राहिली की तो अनामत कापतो. सेन्सरच्या वायरी कापू नका, टोकाला कागदी पट्टी चिकटवून कुठली कशाची ते लिहून डब्यात ठेवा. भाड्याचा प्रोजेक्टर थंड झाल्याशिवाय पेटीत घालू नका, पंखा थांबेपर्यंत थांबा. तोवर चहा सांगा.